स्क्रिप्टने कोणता पायथन वापरायचा?

रोज रात्री एखादे काम आपोआप व्हावे म्हणून आपण पायथन या भाषेत स्क्रिप्ट लिहितो, टर्मिनलवर ती चालवून पाहतो आणि मनासारखा निकाल आला की क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीच्या) हवाली करून निर्धास्त होतो. सकाळी येऊन पाहावे तर काम झालेले नसते, आणि लॉगमध्ये एवढेच लिहिलेले असते की अमुक नावाचे मॉड्यूल, म्हणजे स्क्रिप्टला लागणारा तयार कोड, सापडले नाही. मॉड्यूल तर जागच्या जागी असते. तीच स्क्रिप्ट पुन्हा हाताने चालवली की ती निमूटपणे चालते. सर्व्हर सांभाळण्याच्या माझ्या कामात सहकाऱ्यांकडून सर्वाधिक वेळा ऐकलेली तक्रार हीच असावी, आणि तिचे तात्पुरते उत्तर प्रत्येकाने आपापल्या परीने शोधून ठेवलेले असते: कोणी स्क्रिप्टच्या वरच्या बाजूला प्रकल्पाचे एन्व्हायरनमेंट, म्हणजे त्याच्या पॅकेजेसचे स्वतंत्र फोल्डर, ॲक्टिव्हेट करण्याची ओळ घालतो, कोणी आपल्या टर्मिनलच्या मांडणीची सगळी बॅशआरसी फाइलच क्रॉनमध्ये ओढून आणतो, तर कोणी वैतागून ते पॅकेज थेट सिस्टीमच्या पायथनमध्ये बसवून टाकतो. माझे मत या तिन्हींच्या विरुद्ध आहे. आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टने एन्व्हायरनमेंट ॲक्टिव्हेट करण्याच्या भानगडीत पडूच नये. आपल्याला कोणता इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा पायथन, हवा आहे, त्याचा पूर्ण पत्ता तिने स्पष्ट लिहावा.

हे मत पटण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एका यंत्रावर एकच पायथन आणि त्याच्या पॅकेजेसचे एकच फोल्डर, अशी व्यवस्था होती तेव्हा दोन प्रकल्पांना एकाच लायब्ररीच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या असल्या की दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागे. २००७ मध्ये इयन बिकिंग यांनी व्हर्च्युअलएन्व्ह तयार केले आणि प्रत्येक प्रकल्पाला आपापले फोल्डर, आपापली पॅकेजेस मिळू लागली. पुढे २०१२ मध्ये पायथन ३.३ बरोबर व्हेन्व्ह हे मॉड्यूल भाषेतच आले. लिनक्सच्या वितरणांनीही अलीकडे कडक धोरण धरले आहे: २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये सिस्टीमच्या पायथनवर पिपने (पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) काही बसवायला गेलात, तर ही जागा बाहेरून सांभाळली जाते असे सांगून पिप सरळ नकार देतो. तो नकार डावलण्याची सोय आहे, आणि तिचे नावच सिस्टीमची पॅकेजेस मोडण्याचा इशारा देणारे आहे, तरीही लोक ती वापरतात. वर सांगितलेला तिसरा मार्ग, सिस्टीममध्येच पॅकेज ठोकण्याचा, त्यामुळे आता बऱ्यापैकी बंद झाला आहे आणि ते चांगलेच झाले.

आता ॲक्टिव्हेट म्हणजे नेमके काय होते, हे ती फाइल उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि वर्षानुवर्षे तिच्यावर विसंबणाऱ्या अनेकांनी ती कधीच उघडलेली नसते. एन्व्हायरनमेंटच्या बिन फोल्डरात असलेली ती छोटीशी शेल-फाइल आहे, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या शेलसाठी लिहिलेली. तीत सुरुवातीला डीॲक्टिव्हेट नावाचे फंक्शन आहे, जे सगळे पूर्ववत करते. त्यानंतर व्हर्च्युअलएन्व्हचे ठिकाण सांगणारे एक व्हेरिएबल भरले जाते, पाथ या (आज्ञा कोणत्या फोल्डरांत शोधायच्या हे सांगणाऱ्या) व्हेरिएबलची जुनी किंमत बाजूला जपून त्याच्या अग्रभागी हे बिन फोल्डर जोडले जाते, पायथनहोम हे व्हेरिएबल असल्यास तात्पुरते काढून टाकले जाते, टर्मिनलवरच्या प्रॉम्प्टच्या आधी कंसात एन्व्हायरनमेंटचे नाव लावले जाते, आणि शेलने आधी लक्षात ठेवलेले आज्ञांचे पत्ते विसरायला लावले जातात. संपले. पायथनला यातले जवळजवळ काहीच कळत नाही. कंसातले नाव तर केवळ तुमच्या डोळ्यांसाठी आहे, म्हणजे टर्मिनलसमोर बसलेल्या माणसाने आपण कोणत्या प्रकल्पात आहोत हे विसरू नये यासाठी. रात्री दोन वाजता क्रॉनसमोर कोणीही बसलेले नसते.

मग पायथनला आपण एन्व्हायरनमेंटमध्ये आहोत हे कसे समजते? त्यासाठी एक वेगळीच फाइल आहे, पायव्हेन्व्ह या नावाची आणि सीएफजी शेपटीची. पायथनचा इंटरप्रिटर सुरू होताना ज्या पत्त्याने त्याला हाक मारली त्या पत्त्याच्या फोल्डरात किंवा त्याच्या एक पायरी वर ही फाइल आहे का, हे तो पाहतो. सापडली तर आपला मुक्काम तिथे आहे असे तो धरतो, पॅकेजेस तिथल्या लिब फोल्डरात शोधतो, आणि मूळ पायथनची प्रमाणित लायब्ररी कुठून घ्यायची हे त्या फाइलमधल्या होम या ओळीवरून ठरवतो. या सगळ्यात पाथचा संबंध येत नाही, शेलचा येत नाही आणि ॲक्टिव्हेटचाही नाही. तेव्हा क्रॉनच्या ओळीत एन्व्हायरनमेंटच्या बिन फोल्डरातल्या पायथनचा पूर्ण पत्ता आणि त्यापुढे आपल्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता लिहिला, की काम भागते. इतके साधे असूनही हे सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसतो, कारण प्रत्येक शिकवणीत ॲक्टिव्हेट ही पहिली पायरी म्हणून सांगितलेली असते.

आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलाशी यावरून झालेला संवाद मला अजून आठवतो.

"सर, माझ्याकडे चालतंय. क्रॉनलाच काहीतरी झालंय."

"तुझ्याकडे म्हणजे कुठे? लॉगिन केल्यावर तुझ्या शेलमध्ये ना? क्रॉनला तुझं लॉगिन माहीतच नाहीये."

त्याला मी एक प्रयोग करायला सांगितला, जो मी सगळ्यांनाच सांगतो. लिनक्समध्ये एन्व्ह ही आज्ञा वजा-आय या पर्यायासह वापरली, की तिच्यापुढची आज्ञा पूर्णपणे रिकाम्या एन्व्हायरनमेंटमध्ये (इथे या शब्दाचा अर्थ पॅकेजेसचे फोल्डर नव्हे, तर आज्ञेला मिळणारी व्हेरिएबल्स) चालते: ना पाथ, ना होम, ना भाषा. त्याने आपली स्क्रिप्ट तशी चालवली आणि रात्रीचा तोच एरर दिवसाढवळ्या टर्मिनलवर हजर झाला. क्रॉन इतका कंगाल नसतो. तो होम, लॉगिनचे नाव आणि शेल ही व्हेरिएबल्स देतो, बहुतेक ठिकाणी पाथमध्ये यूएसआर-बिन आणि बिन एवढीच दोन फोल्डरे ठेवतो, आणि शेल म्हणून साधा एसएच वापरतो. पण जी स्क्रिप्ट संपूर्ण रिकामेपणात टिकते ती क्रॉनमध्ये बहुधा टिकते, म्हणून हा प्रयोग थोडा जास्त कडक असलेला बरा.

ॲक्टिव्हेट स्क्रिप्टमधून वापरण्यात अडचण का येते, याचे मूळ युनिक्सच्या एका जुन्या नियमात आहे. प्रत्येक प्रोसेसला तिच्या जन्मदात्या प्रोसेसकडून व्हेरिएबल्सची एक प्रत मिळते, आणि ती प्रत वारशासारखी फक्त खालच्या पिढीकडे जाते. मुलाने आपल्या प्रतीत काहीही बदल केला तरी तो आईबापांपर्यंत पोहोचत नाही. ॲक्टिव्हेट फाइल साधी चालवली तर ती एका नव्या प्रोसेसमध्ये पाथ बदलते, ती प्रोसेस संपते आणि बदलही तिच्याबरोबर संपतो. म्हणूनच ती सोर्स करावी लागते, म्हणजे चालू शेलनेच ती ओळीओळीने वाचावी लागते. दूरच्या सर्व्हरवर आज्ञा पाठवणाऱ्या साधनांत हा नियम आणखी जाचतो. फॅब्रिकच्या पहिल्या पिढीत प्रत्येक रन स्वतंत्र शेल उघडत असे. एका ओळीत ॲक्टिव्हेट आणि पुढच्या ओळीत पिप इन्स्टॉल असे लिहिणाऱ्याचे ॲक्टिव्हेट पहिल्याच ओळीत विरून जाई. यावर तोडगा म्हणून प्रत्येक आज्ञेच्या आधी ॲक्टिव्हेट चिकटवण्याची प्रीफिक्स नावाची सोय लोक सर्रास वापरत. ॲन्सिबलमध्ये प्रत्येक टास्क असाच स्वतंत्र असतो, पण तिथे पिपच्या मॉड्यूललाच एन्व्हायरनमेंटचे ठिकाण सांगता येते, म्हणजे हेच तत्त्व जरा सभ्य वेषात. डॉकरच्या इमेजमध्येही (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात) तेच: बांधणीची प्रत्येक रन ओळ नव्या शेलमध्ये चालते, त्यामुळे तिथे ॲक्टिव्हेट लिहिणे व्यर्थ आहे आणि जाणते लोक इमेजच्या पाथमध्येच बिन फोल्डर आधी लावून ठेवतात.

सोर्स या शब्दाचीही एक गोम आहे. तो बॅश या शेलचा आहे. पॉझिक्स या प्रमाणानुसार चालणाऱ्या एसएचमध्ये त्यासाठी नुसते टिंब असते. उबुंटूने २००६ पासून बिन फोल्डरातला एसएच हा डॅश या दुसऱ्या, साध्या शेलकडे वळवला, आणि क्रॉन शेल म्हणून तोच वापरतो. टर्मिनलवर बॅशमध्ये सुरळीत चाललेली ओळ क्रॉनमध्ये सोर्स सापडत नाही असे म्हणून कोसळते. शिस्तप्रिय माणसे स्क्रिप्टच्या आरंभी न भरलेले व्हेरिएबल वापरल्यास थांब असा आदेश देतात, आणि नेमकी त्यांनाच जुन्या ॲक्टिव्हेट फाइलींची ठेच लागते, कारण प्रॉम्प्टचे व्हेरिएबल क्रॉनमध्ये अस्तित्वातच नसते आणि ती फाइल ते वाचायला जाते. ज्या प्रॉम्प्टकडे पाहणारे कोणी नाही त्याच्या सजावटीपायी रात्रीचा बॅकअप अडावा, हे मला फार विचित्र वाटते.

रुबी ही भाषा आणि जावास्क्रिप्ट चालवणारा नोड यांच्या जगात प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे, आणि तिथे माझे पूर्ण पत्त्याचे तत्त्वही अपुरे पडते हे कबूल केले पाहिजे. रुबीच्या आवृत्त्या सांभाळण्यासाठी २००९ मध्ये आलेले आरव्हीएम हे शेलमधले एक फंक्शन आहे. स्क्रिप्टमध्ये ते फंक्शन भरलेले नसेल, तर आरव्हीएम हे फंक्शन नाही, तेव्हा यूज लिहून उपयोग होणार नाही, असा प्रसिद्ध संदेश मिळतो, ज्याने एका काळी कित्येकांना हैराण केले होते. त्याच कामाच्या आरबीएन्व्हने २०११ मध्ये वेगळी वाट धरली: शिम नावाच्या लहान फाइली पाथमध्ये ठेवायच्या, आणि त्यांनी हाक मारल्याच्या क्षणी कोणती रुबी ते ठरवायचे. तो निर्णय आरबीएन्व्हचे व्हेरिएबल, ते नसेल तर स्क्रिप्टच्या किंवा चालू फोल्डरापासून वर वर जाताना सापडणारी आवृत्तीची फाइल, आणि तीही नसेल तर सर्वसाधारण आवृत्ती या क्रमाने होतो. क्रॉनचे काम होम फोल्डरातून सुरू होते, त्यामुळे प्रकल्पाच्या फोल्डरातली आवृत्तीची फाइल वाटेत लागेलच असे नाही, आणि स्क्रिप्ट कुरकुर न करता भलत्याच रुबीवर चालू शकते. एरर देऊन थांबणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा अशी स्क्रिप्ट मला जास्त धोक्याची वाटते. तिथे व्हेरिएबल स्क्रिप्टमध्येच उघडपणे भरावे.

नोडचे उदाहरण तर मुद्द्याच्या गाभ्याशीच जाते. नोडच्या आवृत्त्या सांभाळणारे एनव्हीएम हेही फंक्शनच आहे, पण त्याने उतरवलेली प्रत्येक आवृत्ती होम फोल्डरात आपल्या क्रमांकाच्या फोल्डरात असते, तेव्हा नोडचा पूर्ण पत्ता देता येतो. मात्र एनपीएमचा (नोडची पॅकेजेस बसवणाऱ्या आज्ञेचा) पूर्ण पत्ता देऊन भागत नाही, कारण एनपीएम ही स्वतः एक जावास्क्रिप्ट फाइल आहे आणि तिच्या पहिल्या ओळीत एन्व्हच्या मदतीने पाथमधला नोड शोध असे लिहिलेले असते. पाथमध्ये नोड नसेल तर पूर्ण पत्त्याने बोलावलेला एनपीएमही अडतो, आणि जुना नोड असेल तर तो गुपचूप त्याच्यावर चालतो. पायथनमध्येही याच जातीचा खड्डा आहे: आपली स्क्रिप्ट योग्य इंटरप्रिटरने सुरू झाली, पण तिने पुढे सबप्रोसेसमधून नुसत्या पायथन या नावाने दुसरी स्क्रिप्ट बोलावली, तर ती हाक सिस्टीमच्या पायथनला जाते. तिथे सिस या मॉड्यूलमधला एक्झिक्युटेबल वापरावा, म्हणजे जो इंटरप्रिटर आत्ता चालू आहे तोच पुढेही चालतो. तेव्हा माझा नियम असा सुधारून घ्यावा: आपण ज्याला थेट बोलावतो त्याचा पूर्ण पत्ता द्यावा, आणि तो पुढे इतरांना नावाने बोलावणार असेल तर पाथसुद्धा स्क्रिप्टनेच, स्वतःच्या हाताने, स्पष्ट मांडावा.

मराठीत काम करणाऱ्यांना या रिकाम्या एन्व्हायरनमेंटचा एक खास फटका बसत आला आहे. एन्व्हायरनमेंटमध्ये लँग आणि एलसी या घराण्याची व्हेरिएबल्सही येतात, आणि अक्षरे कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे कोणत्या संकेतपद्धतीने, लिहायची हे पायथन त्यांवरून ठरवतो. लॉगिनमध्ये यूटीएफ-८ असते, त्यामुळे टर्मिनलवर "अहवाल तयार झाला" हे वाक्य सुंदर उमटते. क्रॉनमध्ये बऱ्याच सर्व्हरवर भाषा सी या कोऱ्या लोकेलवर (भाषेच्या मांडणीवर) असे, आणि तेच वाक्य छापताना जुना पायथन ३ आस्कीमध्ये (फक्त इंग्रजी अक्षरांच्या संचात) ही अक्षरे बसत नाहीत म्हणून मोडून पडे. इंग्रजी अहवाल काढणाऱ्या शेजाऱ्याची स्क्रिप्ट व्यवस्थित चालते आणि आपली मात्र पहिल्याच 'अ'वर मरते, यातला अन्याय पाहून अनेकांनी लॉगमधले मराठी काढून टाकले. जून २०१८ मधील पायथन ३.७ ने यावर दोन उपाय आणले. कोरे सी लोकेल दिसले तर शक्य तिथे ते यूटीएफ-८ च्या प्रकारात बदलून घ्यायचे, आणि लोकेल काहीही असो, यूटीएफ-८ धरून चालण्याची एक स्वतंत्र पद्धत ठेवायची, जी एका व्हेरिएबलने चालू करता येते. मी रॅपरमध्ये (मुख्य स्क्रिप्टला बोलावणाऱ्या छोट्या शेल-स्क्रिप्टमध्ये) ते व्हेरिएबल नेहमी लिहितो, नव्या पायथनवर गरज नसली तरी. फाइल उघडताना एन्कोडिंग लिहिण्याची सवय त्याहून चांगली, पण ती सगळ्या लायब्ररींच्या लेखकांना लावणे आपल्या हातात नाही.

पूर्ण पत्ता लिहिला तरी त्या पत्त्यावरचे घर शाबूत राहील याची हमी मिळत नाही. एन्व्हायरनमेंटमधला पायथन बहुधा सिस्टीमच्या पायथनकडे बोट दाखवणारी सिमलिंक असतो. उबुंटू २०.०४ मध्ये पायथन ३.८ होता, २२.०४ मध्ये ३.१० आला, सर्व्हर अपग्रेड झाला की तीच सिमलिंक नव्या पायथनकडे जाते, तो आपल्या ३.१० च्या फोल्डरात पॅकेजेस शोधतो आणि ती तर ३.८ च्या फोल्डरात असतात. पुन्हा तोच संदेश, मॉड्यूल सापडले नाही, पण कारण आता सर्वस्वी वेगळे. फोल्डर एका जागेवरून दुसरीकडे हलवले तरी असेच होते, कारण पिपने बसवलेल्या प्रत्येक आज्ञेच्या पहिल्या ओळीत मूळ पत्ता कोरलेला असतो. ही पहिली ओळ लिनक्सचा कर्नल वाचतो, आणि २०१९ मध्ये आलेल्या ५.१ या आवृत्तीपर्यंत तो तिची १२७ अक्षरेच पाहत असे, पुढे २५५. बिल्ड सर्व्हरवर फोल्डरात फोल्डर घालून लांबलेले पत्ते जुन्या मर्यादेला सहज धडकत, आणि पिपला त्यासाठी पहिल्या ओळीत एसएचला बोलावून मग पायथनकडे वळण्याची एक कसरत करावी लागली.

म्हणून एन्व्हायरनमेंट जपून ठेवण्याची वस्तू मानू नये. ती केव्हाही मोडून पुन्हा उभारता यावी आणि उभारण्याचे कामही स्क्रिप्टनेच करावे. आमच्याकडे आवृत्त्या पक्क्या केलेली रिक्वायरमेंट्स फाइल प्रकल्पाबरोबर असते. नवे एन्व्हायरनमेंट तारखेच्या नावाच्या नव्या फोल्डरात बांधले जाते, त्यात एक-दोन मुख्य मॉड्यूल्स इम्पोर्ट करून पाहिली जातात, आणि ते झाल्यावरच करंट नावाची सिमलिंक जुन्यावरून नव्याकडे वळवली जाते. बांधणी अर्ध्यात फसली तर रात्रीचे काम जुन्यावर चालू राहते. क्रॉनमधल्या ओळीत करंटमधून जाणारा पत्ता असतो, आणि पिपने बसवलेल्या आज्ञांऐवजी पायथनला वजा-एम देऊन मॉड्यूल चालवले जाते, म्हणजे कोरलेल्या पत्त्यांचा प्रश्नच उद्भवत नाही. रॅपर हा पाच-सहा ओळींचा असतो: पाथ, यूटीएफ-८ चे व्हेरिएबल, प्रकल्पाच्या फोल्डरात जाणे, आणि शेवटी एक्झेक. हा एक्झेक विसरू नये. त्यामुळे शेल स्वतः बाजूला होऊन त्याच प्रोसेसची जागा पायथन घेतो, आणि कोणी थांबण्याचा सिग्नल पाठवला तर तो मधल्या शेलमध्ये न अडकता योग्य ठिकाणी पोहोचतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या यूव्ही या साधनाने यातले बरेच कष्ट कमी केले आहेत. स्क्रिप्टच्याच डोक्यावर टिपेच्या रूपात कोणता पायथन आणि कोणती पॅकेजेस हवीत हे लिहिण्याची प्रमाणित पद्धत आता आहे. यूव्ही रन ती टीप वाचतो, लागेल ते एन्व्हायरनमेंट आपल्या कॅशमध्ये बांधतो आणि स्क्रिप्ट चालवतो, ॲक्टिव्हेटचा उच्चारही न करता. मला हे आवडते, कारण स्क्रिप्ट आपल्या गरजा स्वतःच सांगते. माझा एकच आक्षेप आहे: कॅश रिकामी असेल तर रात्रीची स्क्रिप्ट इंटरनेटवर पॅकेजेस आणायला निघते, आणि आवृत्त्या पक्क्या नसतील तर आज आणलेले उद्याही तेच असेल याची खात्री नसते. त्यामुळे आवृत्त्या पक्क्या करणारी लॉक फाइल ठेवणे आणि रात्रीच्या कामात नेटवर्क न वापरण्याचा पर्याय लावणे, ही दोन पथ्ये मी पाळतो. कॅश दिवसा, माणसे जागी असताना भरून घ्यावी.

राहता राहिल्या जुन्या स्क्रिप्ट्स. आमच्या सर्व्हरवर वरच्या बाजूला ॲक्टिव्हेट सोर्स करणाऱ्या, तरीही वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणाऱ्या कितीतरी स्क्रिप्ट्स आहेत, आणि तरुण सहकाऱ्यांना त्या एका दमात बदलून टाकायची घाई असते. मी त्यांना थांबवतो. ज्या स्क्रिप्टने बॅश स्पष्टपणे मागितला आहे आणि जिचे एन्व्हायरनमेंट जागेवर आहे, ती उगाच उसवण्यात अर्थ नाही. पुढचे अपग्रेड येईल तेव्हा तिचे एन्व्हायरनमेंट नाहीतरी नव्याने बांधावे लागणार आहे, त्याच वेळी तिची वरची ओळही बदलून घेता येईल. तोवर एवढेच करावे, की प्रत्येक स्क्रिप्टने सुरू होताच आपला इंटरप्रिटर कोणता आणि त्याचा मुक्काम कुठे, हे लॉगमध्ये पहिल्या ओळीत लिहावे.